निळी वही

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा फोन आईला केलास, मला नाही. असू दे. होळीच्या दिवशी ताट पुढ्यात असताना मी तुझ्या पोकरचा विषय काढायला नको होता. अर्धी पोळी टाकून उठलास. आईनं ती दोन दिवस झाकून ठेवली, मग गाईला घातली.

तुझी निळी वही कॉटवर राहिली होती. वाचली. रागावू नकोस, आडत दुकानात दिवाणजी म्हणून दुसऱ्यांच्या वह्या तपासूनच आपलं घर चाललं. अक्षर झकास आणि हिशेबही चोख. हातात दोन पानं, मग टेबलावर आधी तीन उघडतात, नंतर चौथं, पाचवं, इतका खेळ मला त्यातून कळला. दुर्रीची जोडी हातात आली तर वीस रुपयांत आत जायचं, साडेआठ डावांत एकदा तिसरी दुर्री उघडते, आणि सहा जण पैसे लावत असतील तर त्या एकदात सगळं वसूल. हे मला पटलं, लपवत नाही. पण खाली 'किलवर सत्ती-अठ्ठी: स्वस्तात बघू' आणि 'एक्का-चौकी: बघू'. तिथं माझं डोकं फिरलं.

अरे, एक्का उघडला की तू खूश. बाकीचे पानं टाकून मोकळे होतात, आणि पैसे लावत राहतो तो एक्का-राणीवाला, त्याची राणी तुझ्या चौकीपेक्षा मोठी! सत्ती-अठ्ठीला पाच किलवरांचा रंग लागला तरी तो अठ्ठीचा रंग, सहा जणांत त्याहून मोठा रंग कुणाकडे तरी निघू शकतो.

परवा रात्री बापूंचा पत्त्यांचा कॅट काढला. पाटावर किलवर सत्ती-अठ्ठी ठेवली आणि उरलेली ५० पानं पिसून तीन-तीन उलटत गेलो. शंभर वेळा. तिन्ही किलवर एकदाही नाहीत. तुझ्याच वहीत आहे, सुमारे ११९ डावांत एकदा. पण दोन किलवर यायचे, अकरा-बारा वेळा आले, आणि तेव्हा हात थांबेना. समोर कोणी नाही, पैसे नाहीत, तरी चौथं पान बघितल्याशिवाय राहवेना. चौथं झालं की पाचवं. आई पाणी प्यायला उठली, म्हणाली, "बापलेक एका माळेचे."

तू काय उचलतोस याची मला एवढी काळजी नाही. उचललेलं खाली ठेवत नाहीस, त्याची आहे.

२०१९ च्या पुरात आपण काय केलं? सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, हे गावभागातलं शेंबडं पोर सांगेल. ४५ झालं तेव्हा मी म्हणालो, बघू. २००५ ला आपली पायरी भिजवून परत गेलं होतं ना. पन्नास झालं, म्हणालो, अजून एक फूट बघू. ५७ च्या वर गेलं. शिलाई मशीन, धान्याची पिंपं, ताईच्या लग्नाचा अल्बम, सगळं गेलं. माईला तू पाठीवर घेऊन होडीत बसवलीस, छातीएवढ्या पाण्यातून. एकोणीस वर्षांचा होतास. तिची काठी दुसऱ्या हातात धरली होतीस, ती सोडली नाहीस. हे मी आजवर तुला बोललो नाही.

काय सांगत होतो आणि कुठे गेलो.

तर वीस रुपयांचं. तासाला तीसेक डाव होतात म्हणालास. त्यातले पंधरा 'बघू' म्हणून बघितले तर तीनशे रुपये. शनिवारी पाच तास बसलास तर दीड हजार, आणि यात पुढं लावलेले धरलेलेच नाहीत. मित्राच्या फ्लॅटवर निदान कोणी वाटणी कापत नाही. पुढच्या महिन्यात पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जायचं म्हणतोस, तिथं जिंकणाऱ्याच्या पैशातूनही टेबलवाला आपला वाटा काढतो. २०२५ च्या ऑगस्टात सरकारनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा मी गणपतीला नारळ फोडून आलो होतो. आईला सांगितलं नव्हतं. तुम्ही मोबाइल ठेवून टेबलावर बसलात.

पुन्हा तेच सुरू झालं माझं. माफ कर. तुझा पगार, तुझे शनिवार.

जायचंच असेल तर परतीच्या गाडीचं तिकीट आधी काढ. माझी गोळी चालू आहे, बीपी ठीक. तासगावचा बेदाणा दोन किलो पाठवतोय, वही त्याच पिशवीत आहे. एक्का-चौकीच्या पानावर पेन्सिलीनं थोडं लिहिलंय. खोडता येईल.

तुझे,
बाबा