भरतीचे कसबही हाताखाली राहूनच येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानमधील इसे येथील देवस्थान दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात. 2013 साली ते 62व्यांदा झाले. प्रत्येक वेळी जुने सुतार नव्यांना हाताखाली घेतात, म्हणून कसब टिकते. मी भरतीच्या व्यवसायात आहे, आणि आमच्याकडे नेमके हेच घडत नाही. नवख्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात फोन आणि टार्गेट. बायोडेटातला शब्द जुळला की उमेदवार पुढे, नाहीतर बाद.

मी ज्यांच्याकडे शिकले त्या बाई जागा भरण्याआधी काम प्रत्यक्ष पाहून येत. वेल्डर हवा असेल तर पत्रा किती जाडीचा, सांधा उभा की डोक्यावरचा, हे विचारून घेत. मग उमेदवाराशी त्यावरच बोलत. नाकारलेल्यालाही त्या स्वतः फोन करून कारण सांगत. त्यांनी निवडलेली माणसे टिकत.

कंपन्यांनी नव्या रिक्रूटरला निदान वर्षभर अशा जाणत्या माणसाशेजारी बसवावे, आणि तोवर त्याच्यावर आकड्यांचे ओझे टाकू नये, ही कळकळीची विनंती.

– एक भरती सल्लागार