शनिवारचा पंक गिग: वेळेवर या

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी आपला पंक रॉकचा गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, कोथरूडच्या नेहमीच्या हॉलमागच्या अंगणात. फाटक साडेपाचला उघडेल, पहिला बँड सहाच्या ठोक्याला. "आपल्याकडे सहा म्हणजे साडेसात" हे या वेळी चालणार नाही. उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद करावेच लागतात, आणि उशिराची कात्री शेवटच्या बँडवर चालते.

आधी तीन लोकल पंक बँड, पूर्ण आवाजात. हेडलाइनला, म्हणजे शेवटच्या मुख्य सेटला, मात्र अकूस्टिक बँड, इलेक्ट्रिक गिटारशिवाय वाजवणारा. यावर ग्रुपवर बरीच कुरकुर झाली. अहो, 1981 मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकीत व्हायोलंट फेम्स या फोक-पंक बँडची पोरं थिएटरबाहेर फुटपाथवर अकूस्टिकच वाजवत होती. आत ज्यांचा शो होता त्या प्रीटेंडर्स या रॉक बँडनं त्यांना त्याच रात्री आत स्टेजवर बोलावलं. तेव्हा वायर नाही म्हणजे पंक नाही, हा वाद आता पुरे.

अकूस्टिक गिटारपुढे माइक ठेवून मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेला स्पीकर, जरा चढवला की त्याचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी वाजायला लागते. गिटारच्या भोकावर रबरी झाकण बसवणार आहोत, तरी आवाज बेतानेच ठेवावा लागेल. म्हणून शेवटच्या सेटला गप्पा मारायच्या असतील तर खुशाल पार्किंगमध्ये जा.

सभासदांना 200 रुपये, पाहुण्यांना 300, यूपीआय चालेल. सगळे पैसे बँडना. पहिल्या तिघांसाठी इयरप्लग आणा, विशेषतः स्पीकरला चिकटून उभे राहणाऱ्यांनी.

ड्रमकिट उतरवायला चार वाजता चार जण हवेत. नावं आजच कळवा.