पहाटे पोट दुखले तर पापण्याही पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात सर्पदंशाच्या बातम्यांसोबत दोन दातांच्या खुणा, सूज, आग ही लक्षणे हमखास छापून येतात. घोणस, नागाच्या बाबतीत ते ठीक. मण्यार, म्हणजे आपल्या माळव्यातला करैत, त्यात बसत नाही आणि निदान चुकते.

हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणातच चावतो. दात इतके बारीक की अनेकदा झोपही मोडत नाही. सूज नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलट्या होतात, घसा दुखतो. घरी ओवा, दवाखान्यात ॲसिडिटीचे इंजेक्शन! काही तासांत पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, थुंकी गिळवत नाही. मग लकव्याचा संशय येतो आणि स्कॅनच्या रांगेत वेळ जातो.

तपासणीला यंत्र लागत नाही. डोके न हलवता वर पाहायला सांगा, उशीवरून मान उचलायला सांगा, एका श्वासात आकडे मोजायला लावा. दर अर्ध्या तासाने आकडा घटत असेल तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. सर्पदंशात विष रक्तात भिनले का ते पाहण्यासाठी काचेच्या नळीत ठेवलेले रक्त २० मिनिटांत गोठले म्हणून मात्र रुग्णाला घरी पाठवू नये. मण्यारीचे विष रक्तावर नव्हे, नसांच्या टोकांवर काम करते; तिच्या दंशात रक्त नेहमीसारखे गोठणारच.

प्रतिविषाच्या साधारण १० कुप्या सलाइनमधून तासाभरात देतात. नसांना आधीच झालेली इजा त्याने भरून येत नाही, म्हणून उशीर झाला की व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागतात. नागाच्या दंशात उपयोगी पडणारे निओस्टिग्मिन हे औषध इथे फारसे चालत नाही. एक विसरू नये: बाहुल्या विस्फारलेल्या, हातपाय लुळे, तरी रुग्णाला सगळे ऐकू येत असते. मेंदू मृत ठरवण्याची घाई नको, आणि खाटेशेजारी बोलतानाही भान हवे.

इंदूरजवळच्या राऊ, सिमरोलकडे शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहत आहेत. तिथले चौकीदार, मजूर फरशीवरच झोपतात. अशा माणसाला पहाटे पोटदुखी व पापण्यांचा जडपणा एकत्र आला, तर दंशाची खूण शोधत बसू नये. पाणी न पाजता कुशीवर निजवून १०८ बोलवा आणि इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयासारख्या, व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी न्या. खाट मिळत नसेल तर निदान मच्छरदाणी लावा, चारी कडा अंथरुणाखाली खोचून.

आपला,
एक वाचक, इंदूर