उलटा एन दाखवणाऱ्या काकांना थँक्यू

काका, फोनवर मला नीट बोलता येत नाही म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

गिरगावच्या आमच्या खोलीत माळ्यावर गोधडीत गुंडाळलेली पंजोबांची कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, आणि लहानपणापासून घरात एकच टेप, ही सत्तावन्नच्या बंडातली! चोरबाजारातल्या एकाने तर फोटो बघूनच ओरिजिनल ब्रिटिश म्हणून भाव सांगितलेला. तुम्ही भर पावसात डोंबिवलीहून लोकलने आलात, चहाच्या आधीच खालचा लिव्हर ओढून बघितलात आणि म्हणालात, अरे सत्तावन्नला बंदुकी नळीच्या तोंडातून ठासायचे, ही लिव्हर ओढून मागून काडतूस भरायची, मार्टिनी-हेन्री रायफलची जात, इंग्रजांच्या लष्करात ती 1871 ला आली. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग आईकडून जुना टूथब्रश आणि थोडं खोबरेल मागून तुम्ही बाजूचा मळ काढलात, फडक्याने पुसून वर खडू घासलात, मोबाईलचा टॉर्च आडवा धरलात आणि अक्षरं पांढरी उठून आली. मुकुट, खाली व्ही आर, मग एनफिल्ड, मग 1906. मला वाटलं झालं, पुरावा मिळाला. तुम्ही नुसतं म्हणालात, "एन बघ." आरशात दिसावा तसा उलटा! एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात असा ठसा कोण मारेल, आणि व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया राणी, ती 1901 च्या जानेवारीतच गेली, मग पाच वर्षांनी तिचा शिक्का कुठून आला? म्हणजे ही खैबर खिंडीकडची, तिथल्या कारागिरांनी ब्रिटिश बंदूक समोर ठेवून कानशीने घासून केलेली नक्कल, इंग्रजी वाचता येत नसल्याने अक्षरंसुद्धा नक्षी काढल्यासारखी उतरवलेली.

नक्कल म्हटल्यावर मी हिरमुसलोच होतो, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही पंजोबांचे कागद मागितलेत, आणि पेन्शनच्या कागदावरच्या 'पेशावर'वर, म्हणजे खैबर खिंडीजवळच्याच शहरावर, बोट ठेवून गप्प बसलात. तो कागद आम्ही शंभर वेळा बघितलाय हो, पण कधी डोक्यातच आलं नाही.

काडतूस चुकूनही घालू नका, ह्या लोखंडाचा भरवसा नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत, पोलीस स्टेशनला कागद देऊन यायलाही लावलंत, आणि पैसे तर सोडाच, तिकिटाचेसुद्धा घेतले नाहीत.

बाबा दोन दिवस फुगून होते. आता चाळीतल्या प्रत्येकाला बोलावून स्वतः खडू घासून उलटा एन दाखवतात. गणपतीत नक्की या काका, आणि येताना खडू आणा, आमचा संपला.