टॅरंटुला आपल्या आकाशगंगेतला नाही

संपादक साहेब, नमस्कार,

परवा एका ठिकाणी टॅरंटुला तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या चमकत्या ढगाचा फोटो बघितला, खाली लिहिलेलं ‘आपल्या आकाशगंगेतला’, खूप वाईट वाटलं हो, तो तर मोठा मॅजेलन मेघ नावाच्या शेजारच्या छोट्या आकाशगंगेत आहे, जवळपास १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं लांब! तरी दक्षिणेकडच्या देशांत नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आपल्या खूप जवळच्या, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या जागी असता तर रात्री त्याच्या उजेडात सावल्या पडल्या असत्या. मधोमध आर१३६ तारकागुच्छ, आधी तो एकच राक्षसी तारा वाटायचा, मग कळलं की खचाखच कोवळे तारे आहेत, वय जेमतेम १०-२० लाख वर्षं. महाराष्ट्रातून हा तेजोमेघ क्षितिजाच्या वर नीट येतच नाही, आपल्याला फोटोच बघायचा, मग खालची माहिती तरी बरोबर छापा, पोरं ते कापून वहीत चिकटवतात.

आपला एक वाचक