मंग्या, आधी सिरियल कन्सोलच लिही

फोंडा

प्रिय मंग्या,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, पावसाने रेंजच राहत नव्हती, म्हणून लिहूनच पाठवतोय. तू म्हणालास ना की पोरांच्या शिकाऊ कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) थेट व्हर्टआयओ कन्सोल लिहितो, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बेतलेल्या व्हर्टआयओ पद्धतीने अक्षरं आत-बाहेर करणारा कोड, सिरियल पोर्ट जुनाट झाला. तिथे जरा थांब.

सिरियल हळू आहे हे खरंच. १६५५० ला, म्हणजे सिरियल पोर्टच्या चिपला, एक अक्षर द्यायचं तर आधी स्टेटस रजिस्टर वाचायचं, जागा आहे का बघायचं, मग ३एफ८ पोर्टवर बाईट लिहायचा. केव्हीएमखाली (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) यातलं प्रत्येक इन आणि आउट, म्हणजे पोर्ट वाचणं आणि लिहिणं, ही एक व्हीएम एक्झिट, गेस्ट (आतलं मशीन) थांबतो, ताबा होस्टच्या (बाहेरच्या खऱ्या मशीनच्या) कर्नलकडे, तिथून चिपची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूकडे, काम झालं की परत. असं एकेक अक्षर दिलं तर ८० अक्षरांच्या एका ओळीला कमीत कमी १६० फेऱ्या होतात बघ. व्हर्टआयओत मात्र रिंगमध्ये (दोघांना दिसणाऱ्या मेमरीतली गोल रांग) अख्ख्या बफरचा पत्ता ठेवायचा, एकदा होस्टला कळवायचं, झालं. रस्टी रसेलने ते मांडलं आणि २००८ च्या लिनक्स २.६.२४ पासून ते आहे, म्हणजे काय नवीन नाही, चांगलं मुरलेलं आहे.

पण त्या रिंगला मेमरी अलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) लागतो, पीसीआय स्कॅन (डिव्हाइस शोधणं) लागतो, डिव्हाइसशी फीचर ठरवणं लागतं, आणि पोरांचा कर्नल पडणार तो नेमका या सगळ्याच्या आधी, पेजिंग (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा) चालू करतानाच. तेव्हा एक अक्षर दिसणार नाही आणि पोरं रात्रभर डोकं धरून बसतील. सिरियलला काय लागतं तर दोन इन्स्ट्रक्शन, म्हणून बूटची पहिली ओळ तिथूनच येऊ दे. व्हर्टआयओतही ही गरज ओळखून इमर्जन्सी राइट दिलंय, डिव्हाइसच्या कॉन्फिगमध्ये एक फील्ड आहे, तिथे अक्षर लिहिलं की रिंग नसतानाही होस्टकडे जातं, पण ते फीचर डिव्हाइसने दिलेलं असायला हवं.

माझं म्हणणं एवढंच की कन्सोलला पहिल्या दिवसापासून दोन वाटा ठेव. शेलसाठीची (रोजच्या कमांड टाकायची) वाट बफरवाली, इंटरप्टवाली (डिव्हाइसने हाक मारली की जागी होणारी), हवी तेवढी हुशार कर. पॅनिकची, म्हणजे कर्नल कोसळतानाची, वाट मात्र मठ्ठच पाहिजे, मेमरी मागायची नाही, झोपायचं नाही, लॉकसाठी (एका वेळी एकानेच छापावं म्हणून लावलेली कडी) ताटकळायचं नाही, कारण पॅनिक झाला तेव्हा तो लॉक ज्याच्या हातात होता तो आता कधीच सोडणार नाही. लॉक मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी छापून मोकळं व्हायचं, अक्षरं एकमेकांत घुसली तरी चालतील रे, काहीच न दिसण्यापेक्षा बरं. आणि होस्ट वाचतच नसेल तर रिंग भरते, तिथे किती वेळ थांबायचं ते आधीच ठरव आणि पुढचं सरळ टाकून दे.

लिनक्समधलं एचव्हीसी, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या कन्सोलचा सामायिक कोड, एकदा निवांत वाच, मला फार आवडतं ते. मूळ आयबीएमच्या पॉवर मशीनसाठी केलेलं, नंतर झेन (व्हर्च्युअल मशीन चालवायची दुसरी सोय) आणि व्हर्टआयओ दोन्ही त्याच्यावरच बसले, कारण खालच्याने मुख्य म्हणजे दोनच फंक्शनं द्यायची, गेट कॅर्स (अक्षरं आणायला) आणि पुट कॅर्स (अक्षरं पाठवायला). पुट कॅर्स किती अक्षरं गेली तो आकडा परत देतं, उरलेल्याचं काय करायचं ते वरचा बघतो. इंटरप्ट नसेल तर एक कर्नल थ्रेड पोल करत, म्हणजे काही आलं का ते पुन्हा पुन्हा बघत, राहतो. हीच रचना उचल, खाली सिरियल असो नाहीतर रिंग, वरच्या कोडला पत्ताही लागत नाही.

झेनचा कन्सोल पण पोरांना दाखव, शेअर केलेल्या एका पानात १०२४ बाईट आत यायला, २०४८ बाहेर जायला. त्यात आधी बाईट लिहायचे, मग बॅरियर (आधीचं लिखाण आधीच दिसेल याची हमी देणारी इन्स्ट्रक्शन), मग प्रोड्यूसर इंडेक्स (कुठपर्यंत लिहून झालं तो आकडा) पुढे सरकवायचा. क्रम उलटला तर होस्ट अजून न लिहिलेली अक्षरं वाचतो, आणि ते रोज होत नाही, कधीतरीच होतं, म्हणून सापडतही नाही. मेमरी ऑर्डरिंग शिकवायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता चवथ तोंडावर आलीय, तू घरी येशीलच, तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, आरत्या आटपल्या की बसू. त्याआधी पुट कॅर्स लिहून झालं तर पाठव, मी ओळ न् ओळ वाचतो. काकींना नमस्कार सांग.

तुझा,
दत्ता