आर्मेनियन सालात ५५१ मिळवा

येरेवान

ती. आप्पा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आप्पा, इथे आलात की पहिल्याच चर्चच्या भिंतीपाशी तुम्ही कोरीव लेख बघत थांबणार. म्हणून साल काढायची रीत आधीच लिहून धाडते. आपल्याकडे शकात ७८ मिळवून इसवी सन काढता, तसे इथे ५५१ मिळवायचे. आर्मेनियन गणनेचं पहिलं वर्ष ११ जुलै ५५२ रोजी सुरू झालं.

आकड्यांना वेगळी चिन्हं नाहीत, अक्षरंच आकडे. मेस्रोप माश्तोत्सने ४०५ च्या सुमारास ३६ अक्षरं बसवली. ती नऊ-नऊच्या चार ओळींत वहीत उतरवून घ्या. पहिली ओळ एकं, दुसरी दहं, तिसरी शेकडे, चौथी हजार. शून्य नाही, अक्षर कुठे आलं याने किंमत बदलत नाही. नुसती बेरीज करायची. मध्ययुगात शेवटी जोडलेली दोन अक्षरं या हिशेबात धरू नका.

आनी या जुन्या आर्मेनियन राजधानीतल्या कॅथेड्रलच्या लेखात ४५० साल आहे. त्याला अक्षरं दोनच लागतात: नू म्हणजे ४०० आणि त्सा म्हणजे ५०. त्यात ५५१ मिळवले की १००१. राणी कात्रानिदेने ते पूर्ण करवलं. स्थपती त्रदात, ९८९ च्या भूकंपात ढासळलेला कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चचा घुमटही त्यानेच दुरुस्त केला. पुढे १०४५ मध्ये आनी बायझंटाइनांकडे गेलं, १०६४ मध्ये सेल्जुक तुर्कांनी जिंकलं. किलिकियात समुद्राकाठी उभं राहिलेलं आर्मेनियन राज्यही १३७५ मध्ये संपलं. राज्यं गेली तरी लोकांनी आपलं साल लिहिणं सोडलं नाही. या इतिहासात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

चुका कुठे होतात तेही सांगते. सालाच्या आधी बहुधा ‘तो’ आणि ‘वेव’ ही अक्षरं येतात. ही जोडी ‘साली’ या अर्थाच्या शब्दाचा संक्षेप आहे. नवखा माणूस त्यांचीही किंमत, ९ आणि ३०००, बेरजेत धरतो आणि सगळं बिघडतं. दुसरी अडचण खोल आहे. हे वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं, त्याला लीप दिवस नाही. त्यामुळे दर चार वर्षांनी नववर्ष एक दिवस अलीकडे सरकतं. ५५२ मध्ये जुलैत असलेलं नववर्ष आनीच्या वेळी मार्चात आलं होतं आणि १३१७ च्या सुमारास १ जानेवारीला. त्याआधीच्या लेखात महिना वर्षअखेरचा असेल तर ५५२ मिळवावे लागतात. त्यानंतरच्या लेखात महिना वर्षारंभाचा असेल तर ५५०. महिनाच दिला नसेल तर ५५१ धरा आणि एका वर्षाचा फरक मनात ठेवा.

साल फार लहान दिसलं, समजा ८५, तर ते सातव्या शतकातलं आहे असं लगेच मानू नका. शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये जुल्फाचे आर्मेनियन उठवून इस्फहानला नेले. तिथे नवं जुल्फा वसलं आणि त्या व्यापाऱ्यांत अजारियाची गणना चालू झाली. तिचं पहिलं वर्ष १६१६, म्हणून १६१५ मिळवायचे: ८५ म्हणजे १७००. याच व्यापाऱ्यांची माणसं सुरत, मद्रास, कलकत्त्यात पसरली. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ १७९४ मध्ये मद्रासला छापलं गेलं, पाद्री हारुत्युन श्मावोन्यान यांनी काढलेलं. मुंबईत फोर्टातलं सेंट पीटर आर्मेनियन चर्च १७९६ चं. तेही एकदा बघून या.

हस्तलिखितांसाठी एक पूर्ण दिवस मातेनादारानला, म्हणजे इथल्या पोथ्यांच्या संग्रहालयाला, राखून ठेवा. नक्षीच्या पानांवरच रमू नका, शेवटची पानं बघा. तिथे लेखनिक साल, गाव, लिहवून घेणारा आणि त्या वर्षी पडलेला दुष्काळ किंवा झालेली स्वारी नोंदवतो. त्याला ‘हिशाताकारान’ म्हणतात. पोथी शत्रूच्या हाती पडली तर कैद्यासारखी खंडणी भरून सोडवत आणि तेही तिच्यातच लिहीत. मूशचा प्रवचनसंग्रह १२०० ते १२०२ या काळात चामड्यावर लिहिला गेला, वजन सुमारे २८ किलो. सेल्जुकांच्या लुटीत गेलेली ही पोथी मूशच्या मठाने लोकांकडून वर्गणी काढून ४००० चांदीच्या द्रामांना सोडवली. १९१५ च्या आर्मेनियनांच्या वंशसंहारात एका माणसाला पेलेना म्हणून दोन बायकांनी ती दोन भागांत वाटून नेली. एक भाग एचमिआद्झिनला पोहोचला, दुसरा एर्झुरूमला पुरून ठेवावा लागला आणि नंतर सापडला. दोन्ही भाग आता इथेच आहेत. त्या वर्षांत अशा हजारो पोथ्या जळाल्या.

दगडांचंही तेच झालं. जुन्या जुल्फाच्या (आता अझरबैजानच्या नाखिचेवानमध्ये) स्मशानातले हजारो खाचकार, म्हणजे कोरीव क्रॉसशिळा, डिसेंबर २००५ पर्यंत फोडून टाकले गेले. त्यातल्या कित्येकांवर साल कोरलेलं होतं. आता जे उरलंय ते जुन्या छायाचित्रांत वाचायचं.

आनी बघायची तुमची इच्छा असेल, पण ते तुर्कस्तानात आहे आणि ती सीमा १९९३ पासून बंद आहे. जॉर्जियातून वळसा घालून कार्सला जावं लागेल, म्हणून तुर्कस्तानचा व्हिसा भारतातूनच काढा. इथे गेगार्दचा मठ जवळ आहे. तिथल्या मुख्य चर्चचं साल १२१५, म्हणजे आर्मेनियन ६६४: वो, केन, दा. भिंतीवर ही अक्षरं शोधायला टॉर्च आणा. समोरून पाहण्यापेक्षा बाजूने उजेड टाकला तर झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

आईला सांगावं, मोजे लोकरीचेच आणावेत. लहानांना आशीर्वाद.

आपली लेक